बिनमाशांची टाकी

"एकच?" मासेवालीने पुन्हा विचारलं.

"एकच," हे म्हणाले, आणि नीट कळावं म्हणून एक बोट वर केलं.

बंदराजवळच्या आमच्या बाजारात कोलंबी वाट्यावर विकतात. केळीच्या पानावर नाहीतर प्लॅस्टिकच्या तुकड्यावर छोटे छोटे ढीग लावलेले असतात, त्यातला एक उचलायचा. एक कोलंबी मागणारं गिऱ्हाईक तिने कधी बघितलं नसावं. ती माझ्याकडे वळली. "काय गो वयनी, मांजर पाळलंस?"

"मांजर नाही," मी म्हटलं. "टाकीत टाकून सडवायचीय."

ती इतकी हसली की शेजारच्या दोघीजणी काय झालं म्हणून मान वर करून बघायला लागल्या. ह्यांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. ते वाट्यांवर वाकून एकेक कोलंबी निरखत होते. शेवटी त्यांनी एक मधल्या आकाराची, सालासकट, डोक्यासकट अशी उचलली. मासेवालीने तिचे पैसे घेतले नाहीत. "ने, सडव," म्हणाली, आणि पुन्हा हसली. घरी येईपर्यंत मलाही हसू आवरत नव्हतं, आणि हे मात्र ती पिशवी सोनं आणल्यासारखी धरून चालले होते.

हे जहाजावर इंजिनात फिटर होते. लग्न झाल्यापासून वर्षातले जास्त महिने ते पाण्यावर आणि मी रत्नागिरीत, असंच आमचं चाललं. आमच्या आळीत अशी घरं बरीच आहेत, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटत नाही. मी पडवीत शिलाई मशीन टाकून ब्लाउज शिवायची, मुलीला वाढवायची. हे सुट्टीवर आले की घर पाहुणा आल्यासारखं व्हायचं, गेले की पुन्हा माझं माझं.

मग ते कायमचे आले. इंजिनाच्या आवाजात इतकी वर्षं काढल्यामुळे कान गेले होते. अगदीच काही ऐकू येत नाही असं नव्हतं, पण चारजण बोलायला लागले की त्यांना नुसता गलका ऐकू यायचा. कानाचं मशीन घेतलं, ते दोन दिवस लावलं आणि कपाटाच्या खणात ठेवून दिलं. "भांडी पडल्यासारखं ऐकू येतं सगळं," म्हणाले. हळूहळू लग्नाकार्याला जायचं बंद झालं. कोणी घरी आलं की हे मागच्या दारी नारळ सोलायला जायचे. माझ्याशीही बोलणं कामापुरतं उरलं, कारण दरवेळी मोठ्याने बोलायचं म्हणजे भांडल्यासारखं वाटतं, आणि रोज भांडल्यासारखं कोण बोलेल?

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली, तिने त्यांना गावातलं मत्स्यालय बघायला नेलं. मीही गेले. इतकी वर्षं इथे राहून मी तिथे एकदाच, मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर गेले होते. गोड्या पाण्याच्या टाक्या हे भराभर बघत गेले. पुढे खाऱ्या पाण्याची एक टाकी होती, तिच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन छोटे मासे, आणि खाली झुपक्यासारखं हलणारं समुद्रफूल. हे तिथे थांबले ते थांबलेच. आम्ही बाकीचं सगळं बघून परत आलो तरी काचेला हात लावून उभे.

तिथे काम करणारी एक तरुण बाई होती, मत्स्यशास्त्र शिकलेली. ह्यांनी तिला विचारलं, "हे घरी ठेवता येतं?"

ती काहीतरी म्हणाली, ह्यांनी कानाला हात लावून मान हलवली. तेव्हा तिने आवाज नाही वाढवला. ती सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि एकेक शब्द सावकाश, तोंड नीट दिसेल असं बोलायला लागली. "ठेवता येतं, काका. पण घाई करून चालत नाही. मासे पहिल्या दिवशी सोडले तर मरतात."

"का?"

"मासा पाण्यात घाण करतो. त्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. समुद्रात ही घाण खाणारे जिवाणू असतात. तुमच्या नव्या टाकीत ते नसतात. आधी ते वाढवायचे. एक जात अमोनिया खाते आणि त्याचं नायट्राइट करते, तेही विषारीच. मग दुसरी जात ते नायट्राइट खाते. त्याचं नायट्रेट होतं, ते थोडंफार चालतं. हे चक्र पूर्ण बसलं की मग मासे. आम्ही त्याला टाकीची सायकल म्हणतो."

"किती दिवस लागतात?"

"महिना, दीड महिना. कधी जास्त. तोपर्यंत टाकी रिकामी."

मला वाटलं, हे ऐकून विषय संपला. पण ह्यांचा चेहरा मी बरोबर ओळखते. कुणीतरी आपल्याशी पूर्ण वाक्यं बोललं आणि आपल्याला ती सगळी कळली, याचाच आनंद त्यांना आधी झालेला होता.

त्या आठवड्यात कामाला सुरुवात झाली. आणि इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या नवऱ्याला काम करताना मी तोपर्यंत कधी पाहिलंच नव्हतं. ते काम करायचे ते समुद्रात, कुठल्या तरी जहाजाच्या पोटात. घरी असताना नळ दुरुस्त कर, पंख्याला तेल घाल, एवढंच. आता पहिल्यांदा दिसलं.

टाकीखालचा लोखंडी स्टँड त्यांनी मित्राच्या गॅरेजमध्ये जाऊन स्वतः वेल्डिंग करून केला. हॉलमध्ये तो ठेवल्यावर गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन चारही कोपऱ्यांची पातळी बघितली. मला तर सरळच दिसत होता. त्यांनी एका पायाखाली पत्र्याची इवलीशी चकती सरकवली, पुन्हा नळी लावली, आणि मग मान डोलावली. टाकी आली, तिच्यात विहिरीचं पाणी भरून ठेवलं आणि सांध्यांवरून कोरडी बोटं फिरवत राहिले. गळत नाही अशी खात्री झाली तेव्हा ते पाणी माझ्या अबोलीच्या झाडांना गेलं. प्रत्येक वायर भिंतीतल्या प्लगकडे जाताना आधी खाली झोका घेऊन मग वर जाईल अशी बांधली, म्हणजे वायरवरून पाणी ओघळलं तरी झोक्याशी थेंब पडेल, प्लगात जाणार नाही. काम झालं की हात पुसायला खांद्यावर जुनं फडकं. ते फडकंसुद्धा घडी घालून ठरलेल्या जागी.

मी मशीनवर बसून हे बघायची आणि ब्लाउजची बाही उलटी लावायची.

पाणी कुठलं घ्यायचं यावर मोठा विचार झाला. मीठ विकत आणून गोड्या पाण्यात कालवून समुद्राचं पाणी करता येतं, असं मुलीने मोबाइलवर वाचून सांगितलं. हे म्हणाले, "समुद्र दाराशी असताना पाकिटातला समुद्र कशाला?" पण धक्क्याजवळच्या पाण्यात डिझेल आणि किनाऱ्याजवळच्यात गाळ. ह्यांच्या शाळेतल्या मित्राची होडी आहे. तो म्हणाला, चला बाहेर, स्वच्छ पाणी लागेल तिथे भरून घ्या.

"मी येऊ?" मी विचारलं.

हे बघतच राहिले. दर्यावर्दी माणसाची बायको, पण होडीत ह्यांच्याबरोबर मी कधी बसले नव्हते. सकाळी लवकर निघालो. वारा नव्हता. बंदराचं तोंड मागे पडलं, दीपगृह लहान झालं, पाण्याचा रंग मातकटावरून हिरवा आणि हिरव्यावरून निळा झाला. मित्राने इंजिन बंद केलं. ह्यांनी एक कॅन बुडवला, काचेच्या ग्लासात थोडं पाणी घेऊन उन्हात धरलं, आणि मग एकामागून एक कॅन भरत गेले.

भरून झाल्यावर काठावर हात ठेवून ते बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. म्हणाले, "इंजिनरूमला खिडकी नसते. आम्ही समुद्रावर असायचो आणि दिवसचे दिवस समुद्र दिसायचा नाही."

लग्नाच्या इतक्या वर्षांत हे मला त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. मी इकडे संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन, हे पण आत्ता हेच बघत असतील, असं मनात म्हणायची. मी कॅनचं झाकण घट्ट केलं.

पाण्यातलं मीठ मोजायचं एक छोटं यंत्र ह्यांनी आणलं होतं. ते डोळ्याला लावताना त्यांना हसू आलं. जहाजावर समुद्राच्या पाण्यापासून प्यायचं पाणी करतात, तिथेही मीठ मोजायचं काम ह्यांच्याकडेच असायचं. "तिथे मीठ दिसलं की आम्ही धावायचो," म्हणाले. "इथे कमी झालं की धावायचं."

मग दगड. ज्यांच्या भोकाभोकांत जिवाणू राहतील असे सच्छिद्र दगड हवेत, असं त्या मत्स्यालयातल्या बाईने सांगितलं होतं. समुद्रातलं पोवळं किंवा त्याचे जिवंत दगड काढायला कायद्याने बंदी आहे, हेही बजावलं होतं. मी म्हटलं, भोकं असलेला दगडच हवा तर आपला जांभा काय वाईट? अख्खी रत्नागिरी त्यावर उभी आहे. ह्यांना पटलं. परसातला एक तुकडा घासून धुऊन घेऊन आम्ही दोघं तिला दाखवायला गेलो. तिने तो हातात घेऊन वळवून बघितला. "सुंदर आहे, काकू, पण यात लोखंड आहे. खाऱ्या पाण्यात ते उतरेल." मग मुंबईहून पांढरे चुनखडीचे कोरडे दगड मागवले. मांडवीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूलाही तिने नको म्हटलं, पांढरी जाडसर वाळू आणली. जांभ्याचा तो तुकडा हे परत घेऊन आले आणि मूळ जागी ठेवला.

दगड रचायला एक पूर्ण रविवार गेला. गुहा झाली पाहिजे, पाणी मागूनही फिरलं पाहिजे, आणि काचेला टेकता कामा नये. रचायचे, लांब जाऊन बघायचे, मोडायचे. शेवटी पाणी भरलं, पंप सुरू केला. पहिल्यांदा सगळं ताकासारखं पांढरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर लखलखीत. दगडांवर दिव्याचा उजेड हलत होता, उथळ पाण्यात तळाशी हलतो तसा.

त्यात मग ती कोलंबी पडली, जाळीच्या पिशवीतून. ती सडेल, अमोनिया होईल, आणि तो खायला जिवाणू जमतील, अशी ही व्यवस्था.

दोन-तीन दिवसांत हॉलमध्ये वास यायला लागला. मासे खाणारं घर आहे, वासाला आम्ही भिणारे नव्हे, पण हा वास वेगळा होता. ब्लाउज न्यायला आलेल्या बायका नाकाला पदर लावून विचारायच्या, "काय मेलंय का घरात?" समोरचे आंबेवाले शेजारी रोज संध्याकाळी फाटकाशी थांबून ओरडायचे, "काय, दर्याराजा, लागला का मासा?" हे ओठांवरून ओळखायचे आणि नाही म्हणून हात हलवायचे.

पाणी तपासायचं काम माझ्याकडे आलं ते असं. काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, आणि रंग आला की तो पुठ्ठ्यावरच्या रंगांशी जुळवायचा. ह्यांनी नळी उजेडात धरली, पुठ्ठ्याशी धरली, पुन्हा उजेडात धरली.

"हिरवा आहे," म्हणाले.

"कुठला हिरवा?"

"हिरवा म्हणजे हिरवा."

मी उठून गेले. माझा जन्म साडीला दोरा जुळवण्यात गेला आहे. गिऱ्हाइकाने नुसता काठाचा तुकडा आणला तरी मी रिळांच्या डब्यातून बरोबर रीळ काढते. नळी बघून म्हटलं, "हा पोपटी. पण काल दाखवला असतात तर पिवळ्यात असता. उद्या हिरवागार होणार."

दुसऱ्या दिवशी झाला. त्या दिवसापासून हे पाणी घ्यायचे, थेंब मोजायचे, आणि नळी माझ्याकडे द्यायचे. "सांग." मी सांगायची. अमोनियाचा हिरवा गडद होत गेला, मग थबकला. त्यानंतर एका सकाळी नायट्राइटच्या नळीत, जिथे रोज फिक्कं आकाशी यायचं तिथे, जांभळ्याची एक झाक दिसली. पुठ्ठ्यावर ती झाक नव्हतीच, पण माझ्या डोळ्याला दिसली.

"आले," मी म्हटलं.

"कोण?"

"तुमचे पहिले पाहुणे. अमोनिया खायला लागले."

ह्यांनी नळी घेतली, बघितली, त्यांना आकाशीच दिसत होतं. तरी म्हणाले, "तू म्हणतेस तर आले." आणि चहा टाकायला स्वतः उठले.

पुढे नायट्राइट वांगी रंगावर गेलं आणि तिथेच अडून बसलं. आठवडा गेला, आणखी गेला. पांढऱ्या दगडांवर तपकिरी साय चढली. मला वाटलं बिघडलं. मत्स्यालयातली बाई म्हणाली, हे होतंच, येईल आणि जाईल. ह्यांनी काही केलं नाही. हे काही न करणं किती अवघड आहे ते मला तेव्हा कळलं. मी असते तर दगड काढून घासले असते, पाणी बदललं असतं, काहीतरी औषध ओतलं असतं. हे रोज सकाळी खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचे, काचेवर तळहात ठेवायचे, आणि बघायचे.

तळहात का ठेवतात ते एकदा कळलं. मी ब्लाउजला हुक लावत होते. हे म्हणाले, "पंपाचं काहीतरी होतंय."

मी कान देऊन ऐकलं. नेहमीसारखाच घुमत होता. "काही नाही हो."

"आहे. हात लाव इथे."

मी हात लावला. मला नुसती थरथर कळली. त्यांनी पंप बंद करून बाहेर काढला, उघडला, आणि आतल्या पात्याच्या दांड्यावरून चिमट्याने एक गुलबक्षी रेशमी दोरा उलगडून काढला. माझाच दोरा, पडवीतून उडून कधीतरी पाण्यात पडलेला. पंप पुन्हा लावला, काचेवर हात ठेवला आणि समाधानाने मान हलवली. "इंजिनात आवाज इतका असायचा की कान असून उपयोग नव्हता," म्हणाले. "हातानेच ऐकायला शिकलो आम्ही."

मी दोरा बघत राहिले. मी चांगल्या कानांनी ऐकलं नव्हतं ते ह्यांनी ऐकलं होतं.

ह्याच सुमाराला देवरूखची माझी नणंद चार दिवस राहायला आली. ती ह्यांची धाकटी बहीण, बोलण्यात फटकळ, मनाने साफ. हॉलमध्ये शिरली, टाकीसमोर उभी राहिली, दगड बघितले, वाळू बघितली, मागच्या बाजूने वाकून बघितलं.

"अगो वयनी, मासे खंय?"

"अजून नाहीत. टाकीची सायकल व्हायचीय."

"सायकल?" तिने दाराबाहेर नजर टाकली.

मी समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि रात्रीच्या भाकऱ्या थापताना हळूच म्हणाली, "वयनी, खरं सांग. दादाचं बरं आहे ना? माणूस रिकाम्या पाण्याकडे बघत बसतो."

"बरं आहे," मी म्हटलं. तिने थापलेली भाकरी मी तव्यावर टाकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी अवकाळी वारा सुटला. आंब्याला मोहोर होता, त्यामुळे सगळ्या आळीचा जीव वरखाली झाला. कोपऱ्यावरचं झाड विजेच्या तारांवर पडलं आणि लाईट गेली. पाऊस दहा मिनिटं पडला असेल, पण लाईट काही येईना. पंप बंद, टाकी गप्प.

ह्यांनी मला मत्स्यालयातल्या बाईंना फोन लावायला सांगितला. मी ऐकत होते आणि तोंड त्यांच्याकडे करून सांगत होते. "जिवाणूंना हवा लागते. पाणी हलतं ठेवा. फिल्टरमधल्या स्पंजातही ते असतात, तो काढून टाकीत सोडा, बंद डब्यात ते गुदमरतील." हे ऐकून संपायच्या आत ह्यांचे हात स्पंजापर्यंत पोचले होते.

मग त्यांनी स्वयंपाकघरातला मोठा मग घेतला, टाकीतलं पाणी भरून वरून धार धरली. पुन्हा भरला, पुन्हा धार. हात दमला की दुसऱ्या हाताने. थोड्या वेळाने मी दुसरा मग घेऊन बाजूला उभी राहिले. नणंद दारात उभी राहून बघत होती.

"यात मासा नाही ना एकही?" तिने विचारलं.

"नाही."

"मग कुणासाठी?"

ह्यांनी तिचे ओठ वाचले. म्हणाले, "आहेत त्यात. दिसत नाहीत इतकंच. महिनाभर वाढवलेत, आता असे मरू द्यायचे?"

ती पदर खोचून आत गेली आणि देवघरातला तांब्या घेऊन आली.

अख्खी दुपार आम्ही तिघं त्या टाकीभोवती उभे होतो, आळीपाळीने पाणी ओतत. आणि काम करता करता ह्यांना बोलायला सुरुवात झाली. तिघांचे चेहरे जवळ, बाहेर शांतता, पंखासुद्धा बंद. एकदा भर समुद्रात जहाजाचं मुख्य इंजिन बंद पडलं आणि जहाज लाटांवर नुसतं डुलत राहिलं, तेव्हा ह्यांनी आणि एका केरळच्या सोबत्याने भट्टीसारख्या उकाड्यात पालथं पडून पंप कसा खोलला, ते सांगितलं. त्या सोबत्याला गाणं म्हणायची सवय होती आणि त्याचा आवाज कुणालाच ऐकू जायचा नाही, फक्त ओठ हलताना दिसायचे. "तेव्हापासून मला ओठ वाचता येतात," म्हणाले. "तो रोज एकच गाणं म्हणायचा." नणंद खो खो हसली. तिच्या तांब्यातलं अर्धं पाणी फरशीवर सांडलं. मला आठवत नाही, ह्यांनी सलग इतकं कधी सांगितलं होतं.

अंधार पडायच्या सुमारास शेजारी बागेतून मोहोर बघून परतले. फाटकाशी थांबून सवयीने काहीतरी ओरडणार, तेवढ्यात खिडकीतून त्यांना आम्ही दिसलो, तिघं तीन भांडी घेऊन. ते आत आले. काय चाललंय ते कळल्यावर म्हणाले, "अहो, माझ्याकडे इन्व्हर्टर आहे. आधी कुणाला सांगायचं नाही का?" त्यांच्या घरी कुणी नव्हतं, असं मी म्हटल्यावर स्वतःच्याच कपाळाला हात लावला, आणि दगडी गडग्यावरून वायर ओढून आणली. पंप घुमला. ह्यांनी तळहात काचेवर ठेवला. शेजाऱ्यांनीही ठेवला, का ते न कळताच. नणंद तांब्या घासायला बाहेर गेली, आणि जाताना मला म्हणाली, "दादाचं बरं आहे, वयनी. चांगलं बरं आहे."

नायट्राइट त्यानंतरही काही दिवस वांगी राहिलं. मग एका सकाळी जांभळं आलं, नंतर फिक्कं जांभळं, आणि मग आकाशी. मी नळी खिडकीशी धरून पुन्हा पुन्हा बघितली. अमोनिया पिवळा, नायट्राइट आकाशी. तिसऱ्या नळीत नायट्रेटचा छान नारिंगी. ह्यांनी विचारलं, "सांग." मी म्हटलं, "झालं." त्यांनी विश्वास ठेवला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला लावलं, आणि परत काही दिवसांनी पुन्हा. मग बरंचसं पाणी बदललं, मित्राच्या होडीतून आणलेलं नवं घातलं, आणि आम्ही मासे आणायला गेलो. समुद्रातून पकडलेले नव्हेत, हौदात पैदास केलेले दोन, नारिंगी, माझ्या करंगळीएवढे.

पिशवी टाकीत तरंगत ठेवली. बारीक नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडलं. शेजारी आले होते, त्यांची सून आली होती, नणंद देवरूखहून व्हिडिओ कॉलवर फोनला चेहरा चिकटवून "सोडले का? सोडले का?" विचारत होती. हे कुणाकडे न बघता थेंब बघत होते. शेवटी जाळीने उचलून एकेक सोडला. दोघेही सरळ दगडांच्या गुहेत गेले आणि दिसेनासे झाले.

"गेले कुठे?" सून म्हणाली.

"येतील," हे म्हणाले.

आले तिसऱ्या दिवशी. मोठी मादी पुढे, छोटा मागे. खाणं टाकलं की वर येऊन टिपायला लागले.

त्यानंतर आमच्याकडे माणसं यायला लागली. कुणाच्या नातवाला टाकी हवी, कुणाची गोड्या पाण्याची टाकी गढूळ होतेय, एका शाळेतल्या बाईंना मुलांना दाखवायची होती. ही माणसं ह्यांना प्रश्न विचारायची, आणि प्रश्न अर्धवट कळून चालण्यासारखे नव्हते. एक दिवस हे काही न बोलता उठले, कपाटाचा खण उघडला आणि कानाचं मशीन लावून आले. भांडी पडल्यासारखं ऐकू येणं काही थांबलं नव्हतं, पण आता ते सोसायचे. मी बाहेरून बघायची. समोरच्याला खुर्चीवर बसवून, त्याच्या तोंडासमोर आपलं तोंड धरून, हे सावकाश एकेक शब्द बोलायचे. "घाई नको. आधी न दिसणारे वाढू देत." त्यांची आता पाठ झालेली वाक्यं ऐकून मला मशीनवर बसल्या बसल्या हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा.

परवाची गोष्ट. सकाळी मी दूध तापवत होते, तेव्हा ह्यांनी हाक मारली. नेहमीची हाक नव्हती, म्हणून गॅस बंद करून गेले. ते टाकीच्या डाव्या कोपऱ्यात, एका दगडाच्या बुडाशी बोट दाखवत होते. मला काही दिसेना. मी सुईत दोरा ओवायचं भिंग आणलं. दगडाच्या एका भोकातून कागदाच्या नळीसारखी एक बारीक नळी बाहेर आली होती, आणि तिच्या तोंडाशी पंखा. पिसांचा पंखा, तांदळाच्या दाण्याहून लहान, पाण्याबरोबर हलणारा, काठाला किंचित आमसुली. ह्यांनी काचेवर बोट आपटलं तशी तो झटकन आत गेला. आम्ही श्वास धरून थांबलो. मग हळूहळू, एकेक पीस करून, तो पुन्हा बाहेर उमलला.

"हा आपण आणलेला नाही," हे म्हणाले.

दगड कोरडे होते, वाळू विकतची. म्हणजे होडीतून आणलेल्या पाण्यात, डोळ्याला न दिसण्याएवढा, तो आला असणार, आणि इतके महिने त्या भोकात बसून वाढत असणार.

"सांग, रंग कुठला?" ह्यांनी विचारलं.

मी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि नीट बघायला लागले.